एका तासाची कोठडी

माणसें पैसे मोजून स्वतःस कोंडून घेतात, असें आमच्या नातवानें प्रथम सांगितलें तेव्हां आम्हांला ती थट्टा वाटली. तुरुंगांत जावयास पैसे पडत नाहींत, उलट सरकार दोन वेळां जेवूं घालतें; मग खिशाला खार लावून, वर दार लावून घेण्याचा हा कोणता नवा छंद? परंतु गेल्या दिवाळीच्या सुटींत घरांतील तरुण मंडळींचा आग्रह इतका झाला कीं, आपलें वय व आपले गुडघे ह्यांचा विचार बाजूस ठेवून आम्हीही त्यांच्याबरोबर निघालों. ह्या महिन्याच्या पानांत त्याच एका तासाची हकीकत वाचकांपुढें ठेवावयाची आहे. ठेवतांना थोडा संकोच वाटतो, कारण तींत आमची शोभा फारशी नाहीं.

आम्ही राहतों निगडीच्या प्राधिकरणांत. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनसाठीं सरकारनें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापिली, तेव्हां ह्या बाजूस बहुतेक माळरानच होतें. पुढें मोटारी आल्या, स्कूटरी आल्या, आणि आतां कारखान्यांची रांग भोसरीवरून थेट चाकणपर्यंत जाऊन पोंचली आहे. आठवडाभर पाळ्या सांभाळणारीं हीं माणसें रविवारीं करमणूक शोधतात, आणि कित्येक कंपन्या तर आपल्या नोकरवर्गास मुद्दाम अशा खेळांना धाडतात. एकत्र काम करण्याची संवय लागावी हा हेतु. ती संवय लागते कीं नाहीं हें आम्हांस ठाऊक नाहीं. कोणाला ती नाहीं, हें मात्र तासाभरांत पक्कें कळतें.

ह्या खेळास सर्वत्र 'एस्केप रूम' म्हणतात. मुलें दुसरें नांव ऐकून घेत नाहींत, म्हणून आम्हीही तेंच चालवितों. रीत अशी : सहा-आठ जणांची टोळी एका सजविलेल्या खोलींत सोडतात आणि साठ मिनिटांचें घड्याळ सुरू करतात. खोलींत पेट्या, कुलपें, चित्रें, जुनाट वस्तु. एका कोड्याचें उत्तर म्हणजे पुढच्या पेटीची किल्ली, आणि शेवटचें उत्तर म्हणजे दाराची. बाहेर एक माणूस पडद्यावर सर्व पाहत व ऐकत असतो. अगदींच अडलें तर त्याच्याकडे सूचना मागावयाची. खोलींतील जादूही समजून घेतली तर साधी असते. देवाची मूर्ति ठराविक जागीं ठेवली कीं खण आपोआप उघडतो. मूर्तीच्या तळाशीं लोहचुंबक व फळीच्या खालीं त्यानें जुळणारी विजेची कळ, एवढेंच त्यांतलें रहस्य. ज्यांनीं लहानपणीं लोहचुंबक खिशांत बाळगला आहे, त्यांना ह्यांत नवल वाटूं नये, तरी वाटतें.

हा प्रकार जपानांतला. क्योटो शहरीं ताकाओ काटो ह्या गृहस्थांनीं २००७ सालीं तो प्रथम केला, २०११ सालीं बुडापेस्टला तशीच एक जागा निघाली, आणि तेथून तो जगभर पसरला. पण आमच्या मतें ह्याची मूळ कथा घरोघरीं ऐकलेलीच आहे. वारणावताच्या लाक्षागृहाकडे पांडव निघाले तेव्हां विदुरानें धर्मराजास भर मंडळींत जें सांगितलें, तें असल्या कूट भाषेंत कीं एकट्या धर्मराजासच तें उमगलें. कुंतीला मागाहून 'काय बोलले?' असें विचारावें लागलें. पुढें विदुरानें खणणारा माणूस पाठविला, भुयार तयार झालें, आणि मगच आग लागली. कोडें, कोंडलेलें घर, गुप्त वाट, सर्व आहे. खेळ काढणाऱ्यांनीं त्यांतला एकच भाग कधींकधीं सोडला, त्याविषयीं पुढें बोलूं.

आमची टोळी सहा जणांची. आम्ही स्वतः, आमचे थोरले चिरंजीव, जे हिंजवडीस संगणकाचें काम करतात, धाकट्या सूनबाई व त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा, आणि आमचे एक स्नेही व त्यांची कॉलेजांत शिकणारी कन्या. हे स्नेही चाकणच्या एका कारखान्यांत सुरक्षिततेचें खातें पाहतात. खोलीचा देखावा एका जुन्या वाड्याचा होता : दिवाणखाना, त्यास लागून स्वयंपाकघर, भिंतीवर तसबिरी, आणि वाड्याचा हरवलेला दस्तऐवज शोधून बाहेर पडावयाचें. देखावा पाहून आम्ही मनांत म्हटलें, आतां ह्या पोरांना आमच्याशिवाय गति नाहीं.

तिसऱ्याच मिनिटास एका तसबिरीमागें आम्हांस लोखंडी किल्ली सांपडली. ती आम्हीं सदऱ्याच्या खिशांत टाकली. घरांत सांपडलेली किल्ली खिशांत जावयाची, ही आमची चाळीस वर्षांची संवय. त्यांत विचार असा कांहीं नव्हता. त्याच सुमारास चार आंकडी कुलूप लावलेली एक शिसवी पेटी पुढें आली. भिंतीवर एक जुना कागद लटकत होता व त्यावर 'शके १८७१' अशीं अक्षरें होतीं. झालें, आम्हांला वाट गवसली! शकांत अठ्ठ्याहत्तर मिळविले कीं इसवी सन निघतो, हें आम्हीं सर्वांस उभें करून समजावून सांगितलें. १९४९ लावून पाहिलें. कुलूप हललें नाहीं. तेव्हां पौषापासून फाल्गुनापर्यंत एकोणऐंशी मिळवावे लागतात, हेंही सांगितलें, व १९५० लावलें. मग नुसतें १८७१ लावलें. मग आंकडे उलटे लावले. चिरंजीव शेजारच्या तीन आंकडी कुलपाशीं बसून शून्य-शून्य-शून्यपासून एकेक आंकडा फिरवीत होते. तीन आंकड्यांच्या एकंदर हजार जुळण्या होतात. एकेकीस चार सेकंद धरले तरी सदुसष्ट मिनिटें लागतात, आणि आम्हांपाशीं साठच होतीं. हा हिशेब त्यांनीं स्वतःच मागाहून केला.

सूनबाई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत उभ्या होत्या. फळीवर पितळेचे चार कडीचे डबे होते. त्या एकदां म्हणाल्या, "बाबा, हे डबे असे कोणी ठेवीत नाहीं." आम्ही तेव्हां शकाच्या गणितांत होतों. थोड्या वेळानें त्या पुन्हां म्हणाल्या, "मोठा मधें कसा आला?" आम्हीं हातानें 'थांबा' अशी खूण केली. त्या थांबल्या.

पस्तीस मिनिटें गेल्यावर नातू ओरडला, "आई काय म्हणते तें ऐका ना कोणी तरी!" स्नेह्यांची कन्या तिकडे गेली. दोघींनीं मिळून डबे उंचीप्रमाणें उतरते लावले, जसे ते कोणत्याही नेटक्या फळीवर असतात, आणि मग एकेक उपडा केला. प्रत्येकाच्या बुडाशीं एक आंकडा कोरलेला होता. चार डबे, चार आंकडे, पेटी उघडली. भिंतीवरचा शकाचा कागद निव्वळ शोभेचा होता.

त्यापुढें काम भराभर चाललें, कारण आतां दोघी मुली बोलत होत्या आणि बाकीचे ऐकत होते. एक्कावन्नाव्या मिनिटास शेवटचा संदूक सांपडला. त्यास आंकड्यांचें कुलूप नव्हतें, जुन्या धर्तीचें किल्लीचें होतें. सर्वजण किल्ली शोधूं लागले. सतरंजी उचलली, तसबिरी उतरविल्या, डब्यांत हात घातले. वाचकहो, आम्हीही शोधीत होतों! सात मिनिटांनीं घाम पुसण्यासाठीं रुमाल काढावयास खिशांत हात घातला तेव्हां ती हातास लागली. संदूक उघडला, दस्तऐवज निघाला, आणि त्यावरील खुणेचा अर्थ लावून दाराचा आंकडा जुळवितां जुळवितां भोंगा वाजला.

दार उघडून तो पडद्यापाशीं बसलेला तरुण आंत आला. पंचविशीचा असेल, हसतमुख, अदबशीर. म्हणाला, "काका, फारच थोडक्यांत गेलें. ह्या ताईंनीं डब्यांचें चौथ्या मिनिटालाच ओळखलें होतें. आम्ही बाहेर ऐकत होतों." सूनबाई खालीं पाहून मुलाच्या बुटाची नाडी बांधूं लागल्या. नाडी सुटलेली नव्हती.

परततांना गाडींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग आमच्या स्नेह्यांनीं हंसत विषय काढला. "चाकणच्या भुईकोटांत फिरंगोजी नरसाळ्यांनीं १६६० सालीं शाइस्तेखानापुढें पन्नासाहून अधिक दिवस दार लावून धरलें, तुम्हांला एक तास जड गेला." आणि नंतर, आपल्या कामाच्या ओघानें, त्यांनीं जी गोष्ट सांगितली ती आम्हांला त्या खेळापेक्षांही मोलाची वाटली.

कारखान्यांत मोठें यंत्र दुरुस्तीस काढतात तेव्हां त्याची वीज, वाफ, दाबाची हवा, सर्व बंद करून मुख्य कळीवर कुलूप घालतात. ह्याला ते 'लॉकआऊट' म्हणतात. (आमच्या पट्ट्यांत टाळेबंदी म्हटली कीं जुन्या कामगारांस मालकानें लावलेलें टाळें आठवतें, मुलांस २० सालचा करोना, सुरक्षेवाल्यांची ही तिसरीच.) मौज अशी कीं, तें कुलूप एक नसतें. यंत्राच्या पोटांत जितकीं माणसें शिरणार तितकीं कुलपें, प्रत्येकावर ज्याच्या त्याच्या नांवाची चिठ्ठी, आणि प्रत्येकाची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशांत. मुकादम असो वा मोठा साहेब, दुसऱ्याचें कुलूप काढण्याची प्राज्ञा नाहीं. कालपरवां कामावर लागलेल्या पोराचें कुलूप शेवटीं राहिलें असेल, तर तो येऊन तें काढीपर्यंत कोट्यवधि रुपयांचें यंत्र उभें राहतें. "तेव्हां किल्ली खिशांत ठेवणें हा गुन्हा नव्हे," ते म्हणाले, "पण कोणती किल्ली कोणाच्या खिशांत आहे, हें फळ्यावर लिहिलेलें असतें." आणखी एक वही त्यांच्याकडे असते. अपघात झाला नाहीं, पण होतां होतां टळला, अशा गोष्टींची. सांडलेलें तेल, सैल झालेली कठड्याची सळई, कसलासा न ओळखतां येणारा वास. जो पाहील त्यानें लिहावयाचें, झाडूवाल्यानें सुद्धां. आणि लिहिलेल्या प्रत्येक ओळीस वरिष्ठानें उत्तर द्यावयाचें. गाडी भक्तिशक्तीच्या चौकांत वळतांना ते सहज बोलून गेले, "घरांत ही वही नसते, एवढेंच."

त्या रात्रीं आम्हांला झोंप लागली नाहीं. आदल्या वर्षींच्या पौषांत सूनबाईंनीं दोनदां सांगितलें होतें कीं, न्हाणीघरांतील गॅसचा गिझर लागला म्हणजे डोकें जड होतें, आणि खिडकी थोडी उघडी ठेवली तर बरें. आम्हीं उत्तर दिलें होतें कीं, थंडी फार आहे, मुलास बाधेल. खिडकी बंदच राहिली. त्यानंतर त्यांनीं तो विषय काढला नाहीं, आणि आम्हीं असें धरून चाललों कीं डोकें दुखण्याचें थांबलें. विचारलें मात्र नाहीं.

ज्वलनास हवा अपुरी पडली म्हणजे गॅस पुरता जळत नाहीं व कार्बन मोनॉक्साइड हा वायु तयार होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं चिकटतो. माणसास प्रथम डोकें जड वाटतें, मग चक्कर येते, मग दाराची कडी काढण्याइतकेंही त्राण राहत नाहीं. हें सर्व आम्ही वाचून होतों. वाचलेलें आणि ऐकलेलें ह्यांची गांठ पडली नव्हती. सोमवारीं सकाळीं नळ-कामाचा कारागीर बोलावून गिझर न्हाणीघराबाहेर उघड्या गॅलरींत हलविला व आंत फक्त गरम पाण्याचा नळ ठेवला. सूनबाईंस आम्हीं एवढेंच विचारलें कीं, हल्लीं डोकें दुखतें का? त्या म्हणाल्या, "दुखत असे. मीं दार किंचित् उघडें ठेवून आंघोळ करीत असें, बाबा." दहा महिने त्या घरांत दार उघडें ठेवून नाहत होत्या, आणि चौदा माणसांच्या घरांत दाराबाहेर कोणी येत नाहीं ना, ह्याकडे कान ठेवून होत्या!

आतां लाक्षागृहाचा राहिलेला भाग. पोलंडमध्यें कोशालिन गांवीं ४ जानेवारी २०१९ रोजीं पंधरा वर्षांच्या पांच मैत्रिणी एकीचा वाढदिवस साजरा करावयास अशाच एका खोलींत गेल्या होत्या. बाहेरच्या बाजूस गॅसच्या शेगडींतून गळती होऊन आग लागली, मुलींस बाहेर पडतां आलें नाहीं, आणि ह्याच कार्बन मोनॉक्साइडनें पांचही जणी गेल्या. त्यानंतर तेथील सरकारनें देशभरच्या खोल्या तपासविल्या. आपल्याकडे २५ मे २०२४ रोजीं राजकोट येथील खेळघरास आग लागून पंचवीसहून अधिक माणसें दगावलीं, त्यांत मुलें होतीं. त्या जागेस अग्निशमन खात्याचें ना-हरकत पत्र नव्हतें, हें मागाहून उघड झालें. खेळाचें दार लुटुपुटीचें असावें. खरें दार कधींही बंद असतां कामा नये.

म्हणून आमच्या स्नेह्यांनीं त्या दिवशीं आंत शिरण्यापूर्वीं काय केलें तें येथें नमूद करतों. आम्ही तेव्हां त्यांस मनांतून हंसलों होतों. त्यांनीं त्या तरुणास विचारलें, वीज गेली तर दाराचें काय होतें? अशा जागीं विजेच्या लोहचुंबकाचें कुलूप असेल तर वीज असेपर्यंतच तें दार धरून ठेवतें. वीज गेली कीं धरणारें कांहीं राहत नाहीं व दार ढकलतां येतें. तेंच सुरक्षित. बाहेरून कडी किंवा साधें कुलूप असेल तर आंत जाऊं नये, पैसे परत मिळोत वा न मिळोत. दुसरें, आंतून दाबावयाची तांतडीची कळ कोठें आहे ती त्यांनीं स्वतः दाबून पाहिली. तिसरें, पडद्यापुढील माणूस तासभर जागचा हलणार नाहीं ना, आणि जिन्याची दुसरी वाट कोणती. एवढ्यास तीन मिनिटें लागलीं. तेथील मंडळींनीं मुळींच राग मानला नाहीं. जे रागावतील त्यांच्या खोलींत न जाणेंच बरें.

ह्याच इमारतींत शरीरश्रमाच्या खोल्यांचा दुसरा प्रकार आहे. तेथें बुद्धीपेक्षां हातापायांचें काम : जमीन न शिवतां कठड्यांवरून पलीकडे जावयाचें, दोरास लोंबकळावयाचें, समोरासमोरच्या भिंतींवरील कळी एकाच क्षणीं दाबावयाच्या. आम्ही कांचेबाहेर बसून पाहिलें. दणकट चिरंजीव पहिल्या दोन मिनिटांतच धापा टाकूं लागले. नातू मात्र त्यांच्या खांद्यावर चढून वरची कळ दाबून आला, कारण तें काम वजनानें हलक्या माणसाचेंच होतें. दहीहंडीच्या थरांत खालीं कोण व वर कोण हें जसें मंडळांना सांगावें लागत नाहीं, तसें ह्यांनाही तिसऱ्या खेपेस सांगावें लागलें नाहीं. पायांत नुसते मोजे असूं नयेत, घसरतात. चष्म्यास दोरी बांधावी. ज्यांस हृदयाचा विकार आहे त्यांनीं व गर्भवती स्त्रियांनीं बाहेर आमच्याजवळ बसावें. सुरुवातीस जबाबदारीचा एक कागद सहीसाठीं पुढें करतात, तो वाचल्यावांचून सही करूं नये. आम्हीं वाचला, लांबलचक होता.

नाताळच्या सुटींत सूनबाईंनीं घरींच एक खोली मांडली. शेजारचीं व स्नेह्यांचीं मिळून नऊ मुलें होतीं. पैसे लागले ते फक्त दोन आंकडी कुलपांचे. पहिली चिठ्ठी देवघरांत, दुसरी वर्तमानपत्राच्या शब्दकोड्यांत, तिसरी गोठविलेल्या बर्फाच्या वाटींत. पोरांनीं ती वाटी चुलीवर ठेवण्याचा बेत केला होता, तो वेळींच कळला म्हणून बरें. शेवटच्या पेटीच्या चिठ्ठीवर असें लिहिलें होतें : कोणतेही चार आंकडे घ्या, मात्र चारही सारखे नकोत, त्यांची मोठ्यांत मोठी व लहानांत लहान संख्या करा, मोठींतून लहान वजा करा, आणि जें येईल त्यावर पुन्हां तेंच. मुलांनीं आपापले आंकडे घेतले. एकीनें ३५२४ घेतले : ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. दुसऱ्यास पांच पायऱ्या लागल्या, तिसऱ्यास सहा. साताहून अधिक कधींच लागत नाहींत. वेगवेगळे आंकडे घेऊन बसलेलीं नऊ मुलें शेवटीं एकाच संख्येवर येऊन थबकलीं, आणि एकमेकांच्या पाट्यांत पाहून जो गलका झाला तो खालच्या मजल्यावर ऐकूं गेला. देवळालीच्या शाळेंत गणित शिकविणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ह्यांनीं ही संख्या शोधून काढली, आणि तिला जगभर त्यांचेंच नांव आहे.

"१९४९ सालचाच शोध आहे, बाबा," सूनबाई आमच्याकडे पाहून म्हणाल्या. "तुमचें साल अगदींच वायां गेलें नाहीं."

त्या दिवशीं आमच्याकडे फक्त घड्याळ धरण्याचें काम होतें. किल्ल्यांसाठीं मधल्या टेबलावर एक ताट ठेवलें होतें, आणि भिंतीवर एक वही टांगलेली होती, जींत ज्यास जें दिसेल तें त्यानें लिहावें. ती वही खेळ संपल्यावरही सूनबाईंनीं काढली नाहीं. तींत तूर्त अकरा नोंदी आहेत. त्यांतल्या तीन गच्चीच्या जिन्यावरील दिव्याविषयीं असून, त्यांस अद्याप आमचें उत्तर लिहावयाचें राहिलें आहे. वायरमन उद्यां येणार आहे.